थंडीत बांधलेली गाठ

माझी बायको मंगळवारी वारली. सकाळी ती गच्चीवर गेली, गळाची दोरी धुऊन वाळत घातली, खाली आली आणि चहा ठेवायला सांगितला. मी चहा ठेवला. गाळून आणला तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती आणि गेली होती. डॉक्टरांनी कागदावर हृदय असं कारण लिहिलं.

दोरी तीन दिवस गच्चीवर होती. चौथ्या दिवशी मी वर जाऊन ती गुंडाळून आणली. त्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला दोरी घेऊन उतरताना पाहून कुणीतरी माझ्या हाताला धरून बसवलं. मी भानावर होतो. दोरी उन्हात राहिली तर कडक होते आणि मग तुटते, हे तिनंच मला सांगितलेलं होतं, आणि ती दोरी पुढे लागणार होती.

आम्हा दोघांचा एक बेत होता. हिमाचलात जायचं, मोटार जिथे थांबते तिथून पाठीवर सामान घेऊन दोन दिवस वर चालायचं, ओढ्याच्या काठी तंबू टाकायचा आणि ट्राउट गळाला लावायचा. ट्राउट हा थंड आणि वाहत्या पाण्यातला मासा. इंग्रजांनी त्यांच्या काळात तो तिकडच्या ओढ्यांत आणून सोडला आणि तो तिथलाच झाला. नागपुरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या नवराबायकोनं असा बेत करावा याचं लोकांना हसू यायचं. बेत नऊ वर्षं चालला. आम्ही गेलो नाही.

ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. वडिलांची धानाची शेती होती आणि शेताला लागून नदी. शाळेत जायच्या आधीपासून ती गळ टाकत होती, आणि पुढे स्वतः शाळेत शिकवायला लागली तरी रविवारी तिचा गळ सुटला नाही. पेंचच्या काठावर कणकेचा गोळा लावून रोहू, बेडकी लावून मरळ. मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होतो तिथे रद्दीत काढलेल्या एका इंग्रजी मासिकात तिनं ट्राउटचं चित्र पाहिलं. बराच वेळ ते पान तिनं उलटलं नाही.

"हा धारेत तोंड करून उभा राहतो, अन् खाणं वाहत त्याच्याकडे येते," ती म्हणाली. "आपला रोहू असा नाही. आपल्या रोहूले शोधत जावं लागते."

माझं घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनीसाठी नागपुरात आलेलं आणि कारकुनीतच राहिलेलं. घरात मासा शिजत नसे. लग्नानंतर आईनं आणि तिनं मिळून एक तोड काढली. मासा गच्चीवर शिजवायचा. वेगळा स्टोव्ह, वेगळी लोखंडी कढई, वेगळा झारा. पुढे आम्ही मनीषनगरात चौथ्या मजल्यावर राहायला आलो, आई गेली, तरी मासा गच्चीवरच शिजत राहिला. आता नियम करणारं कुणी उरलं नव्हतं, पण तिलाच तो नियम आवडायला लागला होता. मी वर तिच्याजवळ बसायचो. खात नव्हतो. तिनं कधी घास पुढे केला नाही आणि मी कधी मागितला नाही.

बेतातली कामं वाटलेली होती. मासा तिच्याकडे, कागद माझ्याकडे. मी पुस्तकं मागवली, नकाशे मिळवले, मासेमारीच्या परवान्याचे नियम उतरवून घेतले. त्यासाठी एक जाड वही केली आणि तिला पानांचे क्रमांक घातले. ती संध्याकाळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पिसांच्या माश्या बांधायची. ट्राउट पाण्यावर पडलेले किडे खातो, म्हणून गळाच्या आकड्याला पिसं आणि धागा गुंडाळून किड्यासारखं काहीतरी करायचं असतं, त्याला तिकडे माशीच म्हणतात. पिसं तिच्या भावाच्या अंगणातल्या कोंबड्यांची. धागा शिवणाच्या डब्यातला. पोटावर चमक हवी म्हणून एका जुन्या शालूची जर उसवून तिनं त्या धाग्याचे वेढे दिले. एका माशीला तिला एक संध्याकाळ लागायची, आणि पसंत पडली नाही तर ती ब्लेडनं कापून पुन्हा आकडा मोकळा करायची. अशा बारा माश्या तिनं ठेवण्यालायक मानल्या. त्या एका चपट्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि मी वही काढली. बेत मोडायचा विचार माझ्या मनात आला नाही. कुणाला वाटेल, दुःखात माणूस काहीतरी धरून बसतो. तसं असेल. पण मला तेव्हाही आणि आताही वाटतं की जे काम निम्मं झालेलं आहे आणि ज्याला दोघांची अक्कल लागलेली आहे, ते पुरं करणं एवढंच माझ्या हातात होतं.

मी वही पहिल्यापासून वाचली. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात होतं: 'निघणे: मे, पहिला आठवडा.' एकेचाळिसाव्या पानावर, तेही माझ्याच अक्षरात, एका पुस्तकातून उतरवलेलं होतं की वरचं बर्फ वितळू लागलं की ओढे फुगतात, पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि माशाला माशी दिसत नाही. गळासाठी उत्तम दिवस पावसाळा सरल्यावरचे. पुढे कंसात मी लिहिलं होतं की नोव्हेंबरपासून बंदी असते.

पहिलं पान आणि एकेचाळिसावं पान मी कधी शेजारी ठेवून वाचलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना संदर्भ शोधून देणाऱ्या माणसाची ही चूक. पण तिचं मूळ मला लगेच कळलं. नागपुरात डोंगर म्हणजे मे. पत्रा तापतो, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत संपतं, शाळा बंद असतात, शेत रिकामं असतं, आणि ज्याला जमतं तो थंड जागी जातो. ती शिक्षिका, मे महिन्यातच मोकळी. आमच्याबरोबर यायचा होता तो तिचा भाऊ शेतकरी, तोही मे महिन्यातच मोकळा. मे आम्ही ठरवला नव्हताच. तो आधीपासून तिथे होता, आणि आम्ही त्याच्याभोवती बाकीचा बेत रचला. ती निवृत्त झाली, दोघंही बारा महिने मोकळे झालो, तरी पहिल्या पानावरचा मे कुणी खोडला नाही. आणि दर मे महिन्यात काही ना काही व्हायचं. एकदा आई अंथरुणाला खिळलेली. एकदा तिला निवडणुकीचं काम लागलं. शेवटच्या दोन वर्षी कुठलीच अडचण नव्हती. मला नकाशातली एक वाट अजून नक्की करायची होती, एवढंच.

मग मला तिचा प्रश्न आठवला. चारपाच वर्षांपूर्वीचा असेल. माशी बांधता बांधता, वर न बघता तिनं विचारलं होतं.

"अहो, मे महिन्यात तं बर्फ वितळत असन ना? मग पाणी गढूळ नाही राहणार?"

"ट्राउटला थंड पाणीच लागतं," मी म्हणालो होतो.

"थंड लागते ते ठीक. पण दिसलं तं पाहिजे त्याले."

मी वही पुढे ओढली, आणि तिनं विषय सोडला. कागद माझ्याकडे होते.

आषाढात मी पारशिवनीला गेलो. तिच्या भावाकडे रोवणी चालू होती. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, अंगानं आडवा, आणि बेतातला तिसरा गडी. स्वयंपाक आणि तंबू त्याच्याकडे होता. बांधावर उभं राहून मी त्याला सांगितलं, की मे नाही, नवरात्रात जायचं.

त्यानं चिखलातले हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले आणि वर आला.

"नवरात्रात? धान निसवते तवा?"

"हो."

"मे महिन्यात मी रिकामा बसून राहतो, माशा मारत. तवा नाही. अन् लोंबी बाहेर पडून राहिली का मी हिमाचलात."

"मे महिन्यात पाणी गढूळ असतं. माझी चूक झाली होती."

तो बांधावर बसला. विडी काढली, पेटवली नाही.

"हे बाई म्हणे," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा.

"तुम्हालाही म्हणाली होती?"

"दरसाल म्हणे. मी म्हणलं, सांग ना भाऊजीले. तं म्हणे, सांगितलं एकडाव. त्याईच्या वहीत तसंच हाय, तं तसंच असन."

समोर बायका ओळीनं रोपं खोचत मागे सरकत होत्या. त्यातल्या एकीनं ओरडून विचारलं, "कोन आले वं? जवाई आले का?" आणि दुसरीनं हळू आवाजात तिला गप्प केलं.

"पण भाऊजी, एक सांगा," तो म्हणाला. "तुम्ही थितं करान काय?"

"म्हणजे?"

"बाई मासा पकडन, मी रांधीन, तुम्ही वही धरान. असं होतं आपलं. आता बाई नाही. मी गळ टाकू अन् तुम्ही गोट्यावर बसून पुस्तक वाचान, तं मले काही धान सोडून याचं नाही. मासे मले इथंही हायेत."

"मी टाकेन गळ."

"तुम्ही?" तो हसला. कुचेष्टेनं नाही. "तुम्हाले जिवंत मासा हातात धरता येते का?"

"शिकेन. आणि मोठा असला तरी मी सोडून देणार आहे. तिकडे बरेच लोक सोडतात."

"पकडून सोडाचा?"

"हो."

"मंग पकडाचा काहून?"

त्यानं विडी पेटवली आणि विचार करून आपली अट सांगितली. थंड पाण्याच्या काठावर बोटं सुन्न होतात आणि गळ टाकणाऱ्याचं पहिलं आणि शेवटचं काम म्हणजे दोरीला आकडा बांधणं. प्रत्येक वेळी दुसऱ्यानं गाठ मारून द्यायची तर तो गळ त्या दुसऱ्याचाच. सर्वपित्री अमावास्येच्या आत मी थंडीत, सुन्न हातानं, बाईची गाठ मारून दाखवायची. जमलं तर तो धान बायकोवर सोपवून येईल. नाही जमलं तर बेत बंद, आणि त्याबद्दल परत बोलायचं नाही.

"नागपुरात भाद्रपदात थंडी कुठून आणायची?" मी विचारलं.

"थे माह्यावर सोडा," तो म्हणाला.

मी परत आलो आणि गाठ शिकायला बसलो. अर्थात कागदावरून. तिची गाठ पुस्तकातही होती: दोरी आकड्याच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून काढायची, स्वतःभोवती पाच वेढे घ्यायचे, टोक पहिल्या फटीतून आणि मग मोठ्या फाशातून बाहेर काढायचं, थुंकी लावून ओली करायची, आणि ओढायची. मी बाण काढून आकृती केली. कपाटाच्या किल्लीला शिवणाचा दोरा बांधून सराव केला. आठवडाभर गाठ सुटत राहिली. मग आकृती बाजूला ठेवली आणि तिचे हात आठवत बसलो. ती वेढे देताना दोरी फिरवायची नाही, आकडा फिरवायची. हे आकृतीत नव्हतं. त्या दिवशी किल्लीला गाठ बसली. मी ती ओढून पाहिली, कपाटाच्या कडीला अडकवून ओढून पाहिली. मग कापून पुन्हा बांधली. श्रावण संपेपर्यंत किल्ली धाग्यांच्या तुकड्यांनी केसाळ झाली होती.

सामानाची यादी मी नव्यानं केली. नऊ वर्षांत ती वाढत वाढत अशी झाली होती की ती उचलायला खेचर लागलं असतं. सॅक भरून मी खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर नेली. त्यानं ती टांगली, काटा पाहिला, आणि म्हणाला, "काका, पेपरचा भाव लावू का पुस्तकाचा?" आत पुस्तकं होती हे त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. तीन पुस्तकं काढली. दुसरा कंदील काढला. दुसरा रेनकोट, हवेची उशी, लाकडी मुठीची छत्री. मग भरलेली सॅक घेऊन रोज सकाळी आमच्या इमारतीचे चार मजले चढायला लागलो, आधी चार वेळा, मग दहा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दूध घ्यायला दार उघडायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काका, घर शिफ्ट करून राहिले का?" पंधराव्या दिवसापासून त्या नुसतं विचारायच्या, "कितवी फेरी?" मी सांगायचो, "सातवी," आणि त्या दार लावून घ्यायच्या.

खोऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या गावात गळ घेऊन निघालेल्याला कुठे चाललास म्हणून कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. वहीच्या बासष्टाव्या पानावर ते आहे. परवान्याचा अर्ज गेला. ठरावीक मापाखालचा मासा सोडायचाच हा तिथला नियम मी तिच्या भावाला वाचून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "सरकारही तुमच्यासारखंच हाय मंग."

पितृपक्षात माझी मोठी बहीण जुन्या नागपुरातल्या महाल भागातून आली. भरणी श्राद्ध झालं होतं. ती पानावरून उठली, हात धुतले, आणि कोपऱ्यातल्या सॅककडे बोट केलं.

"हे खरं आहे तर."

"हो."

"अरे, वर्ष व्हायचंय अजून. आणि नवरात्रात? नवरात्रात मासे मारायला जाणार तू?"

"पकडून सोडणार."

"देवीला काय सांगशील, सोडले म्हणून?"

ती दिवाणावर बसली. तिचे गुडघे दुखतात, बसायला वेळ लागतो. मग तिनं घरभर नजर फिरवली. देवघर, टेबल, टेबलाच्या पलीकडची खुर्ची.

"यंदा घट नाहीत बसणार इथे," ती म्हणाली. तिनं ते मला विचारलं नव्हतं. वर्षाच्या आत सण करत नाहीत.

"नाहीत."

"अखंड दिवा नाही. माळ नाही. नऊ दिवस तू काय करणार इथे?"

"वाचेन."

"वाचलंस तेवढं पुरे झालं." तिनं पदरानं चष्मा पुसला. "तिथे मासा शिजणार आहे?"

"तिचा भाऊ शिजवेल कदाचित. एखादा."

"तंबूत?"

"तंबूत नाही. बाहेर."

"बाहेरच हां. तंबू म्हणजे घरच झालं."

"बाहेर, ताई."

"मग ती गच्चीवरची कढई घेऊन जा. तिथे लोकांची भांडी कशाला हवीत." आणि जरा थांबून, "आईला चाललं असतं का, माहीत नाही. मला चालेल."

कढई जड आहे. यादीत ती नव्हती, आणि ती मावावी म्हणून मी सॅकेतला दुसरा स्वेटर कमी केला.

अमावास्येला चार दिवस उरले होते तेव्हा तिच्या भावाचा फोन आला. "तयार राहा. स्वेटर, कानटोपी, समदं. अन् बाईचा डबा." त्या दिवशी नागपुरात घाम पुसून पुसून रुमाल ओला होत होता. तो मोटारसायकलवर आला, मला मागे बसवलं आणि आम्ही कळमेश्वरच्या रस्त्याला लागलो. मी लोकरीची टोपी खिशात ठेवली होती. स्लीपिंग बॅग मांडीवर होती. सिग्नलला लोक बघत होते.

कळमेश्वरला त्याच्या ओळखीचा एक जण कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर होता. तिथे लाल मिरचीची पोती साठवतात. जाड दार उघडलं आणि आतून जी थंडी अंगावर आली ती मी नागपुरात कधी अनुभवली नव्हती. आत पिवळा दिवा, छतापर्यंत पोती, आणि मिरचीचा वास. आम्ही दोघंही आधी पाच मिनिटं नुसते शिंकलो. सुपरवायझर दारात उभा होता.

"भाऊ, लोकं इथं मिरची ठेवतात," तो म्हणाला. "तुम्ही माणूस ठेवून राहिले."

"नासला नाही पाहिजे म्हणून," तिचा भाऊ म्हणाला.

आधी मी स्लीपिंग बॅगेत पडून पाहिलं. बॅग ठीक होती. मग त्यानं बर्फाच्या पाण्याची बादली मागवली आणि माझे दोन्ही हात त्यात धरायला लावले. तो मोबाइलवर वेळ बघत होता. हात आधी दुखले, मग दुखायचे थांबले, आणि मग ते माझे आहेत असं वाटेना.

"काढा," तो म्हणाला. "अन् खऱ्या माशीवर मारा. किल्लीवर नाही."

मी डबा उघडला. बारा माश्या, दोन रांगांत. मी एक उचलली. ती बोटातून खाली पडली. त्यानं ती उचलून दिली. दोरीचं टोक डोळ्यातून जाता जाईना; गेलं तर वेढे सुटले. पुन्हा केलं. या वेळी पाच वेढे झाले आणि टोक फटीत शिरेना. अंगठा आणि बोट एकमेकांना लागलेले आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावं लागत होतं.

"वही आणली का?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत होता, पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. मला कळलं की त्यालाही हे जमायला हवं होतं. त्याच्याकडे बहिणीचं दुसरं काही काम उरलेलं नव्हतं.

त्या वेळी मला जानेवारीतली पेंच आठवली. धरणाच्या काठावरची सकाळ, पाण्यावर वाफ, आणि ती पाण्याकडे पाठ करून, दोन्ही हात काखेत घालून, डोळे मिटून उभी. गाठ मारण्याआधी ती दर वेळी अशी उभी राहायची. इतकी वर्षं मला वाटायचं, ती काय आमिष लावावं याचा विचार करते आहे. मी त्या वेळात बोलायचो नाही, तिचा विचार मोडू नये म्हणून. वहीत मी याची नोंद केलेली नाही. केली असती तर विचार करते अशीच केली असती.

मी माशी ओठांत धरली, दोन्ही हात काखेत घातले आणि डोळे मिटून उभा राहिलो. शंभरपर्यंत मोजलं. बोटांत मुंग्या आल्या, मग दुखायला लागलं, म्हणजे हात परत आले. काखेतून हात काढले. आकडा फिरवला, दोरी नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. टोक फटीतून, मग मोठ्या फाशातून. थुंकी लावली. ओढली.

त्यानं दोरी माझ्या हातातून घेतली. आकडा पोत्यांच्या लाकडी फळीत रुतवला आणि दोरी मुठीभोवती गुंडाळून मागे झुकून ओढली. त्याच्या हातावर दोरीचा पांढरा वळ उठला. गाठ हलली नाही. त्यानं पुन्हा ओढली. मग त्यानं आकडा हळूच फळीतून काढला, पिसं फुंकर मारून सरळ केली आणि मला परत दिला.

"काखंत हात बाई घाले," तो म्हणाला.

"हो."

"वहीत होतं?"

"नाही."

तो दाराकडे चालायला लागला. "चला भाऊजी. धानाची काळजी तिकडून फोनवर करू."

बाहेर ऊन होतं. चष्म्यावर वाफ धरली आणि काही क्षण मला काहीच दिसलं नाही. सुपरवायझरनं चहा मागवला होता. चहा पिताना तिच्या भावानं मला विचारलं, की माशी दोरीवरून कापू का, डब्यात परत ठेवायला. मी नको म्हणालो. गाठ चांगली बसली आहे. सॅकेत ती तशीच गुंडाळून ठेवता येते, आणि तिकडे पाण्यावर पोचल्यावर पहिल्या फेकीला हात गार असले तरी अडणार नाही.

परवाना आला. दिल्लीपर्यंतची गाडी उद्या दुपारी आहे. सॅक पुन्हा रद्दीवाल्याच्या काट्यावर घातली. या वेळी त्यानं भाव विचारला नाही. पुस्तक एकही घेतलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावरचा मे मी खोडला आणि वर आश्विन लिहिलं. तिकडे मासा लागेल की नाही, मला माहीत नाही. पाणी निवळ असेल, याची खात्री आहे. ती जे विचारत होती त्याचं उत्तर मी तिला कधी दिलं नाही. आता ते देता येत नाही, पण पाण्यावर जाऊन ते बघता येतं.

गच्चीवरचा स्टोव्ह मी झाकून ठेवला आहे. कढई सॅकेत तळाला आहे. अकरा माश्या डब्यात आहेत, आणि बारावी दोरीला बांधलेली आहे.